हमालाच्या खिशात

आमच्या घरात एकच कायदा आहे आणि तो आईने केलेला आहे. जेवणाच्या टेबलावर जो प्रयोगशाळेचा विषय काढेल, त्याने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. आई शिवणकाम करते. ती म्हणते, मी कधी गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप तुमच्या ताटात वाढलं आहे का? कायदा करायची वेळ आली, कारण मी आणि माझी वहिनी एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्रोटीनवर काम करायचो आणि दिवसभराचं भांडण संध्याकाळी न चुकता घरी घेऊन यायचो.

यात दोष कुणाचा म्हणाल तर माझा. दादा फ्रिज दुरुस्त करतो. आमच्या शीतखोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा मीच त्याला फोन केला होता. कॉम्प्रेसर तासाभरात सुरू झाला, पण दादा पुढचे कित्येक दिवस तो ‘तपासायला’ येत राहिला. तपासता तपासता माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई माझी वहिनी झाली. मला घरात सगळे ठिणगी म्हणतात, आणि वहिनीला कुणीच काही म्हणत नाही, कारण ती चिडतच नाही. न चिडणाऱ्या माणसासोबत भांडणं किती कष्टाचं असतं ते मला विचारा.

तर आमचं प्रोटीन. त्याच्या खऱ्या नावात अक्षरं आणि आकडे यांची इतकी गर्दी आहे की आम्ही त्याला सरळ हमाल म्हणतो, आणि ते त्याला शोभतं. पेशीच्या आत जिकडेतिकडे पडदे असतात. ते फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचे बनलेले. प्रत्येक फॉस्फोलिपिडला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. आता एका पडद्यातला माल दुसऱ्या पडद्यात न्यायचा, तर मध्ये सगळं पाणी. म्हणून हमाल लागतो. हमालाच्या पोटात एक तेलकट खिसा असतो, त्याला झाकण असतं. हमाल पडद्याला जाऊन टेकला की झाकण उघडतं, एक फॉस्फोलिपिड शेपट्यांसकट आत सरकतं, झाकण मिटतं आणि स्वारी निघते. शेपट्या सगळ्यांच्या जवळपास सारख्याच. त्यामुळे माल ओळखायचा तो डोक्यावरून. कुणाच्या डोक्याला सेरीन, कुणाच्या इथॅनॉलअमीन, कुणाच्या इनोसिटॉल. आमचा हमाल यातलं कोणतं डोकं बघून माल उचलतो, एवढ्या एका प्रश्नावर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटत होत्या.

सरांकडे मात्र उत्तर प्रश्नाच्या आधीपासून होतं. सेरीन. तरुणपणी त्यांनी सेरीनवर काम केलं होतं आणि त्या काळी त्यांच्या डोक्यावर केस होते; मला वाटतं या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत अडकलेल्या आहेत. सर वाईट नाहीत. फक्त त्यांना कोणतीही बातमी सांगा, ते मान डोलावून “इंटरेस्टिंग” म्हणतात आणि आपल्याला हवं तेवढंच ऐकतात. एकदा मी त्यांना छतातून पाणी गळतंय असं सांगितलं, तेव्हाही ते “इंटरेस्टिंग” म्हणाले होते.

वहिनीचं काम हमालाचे स्फटिक करून त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचं. त्यातून थेट फोटो निघत नाही. निघतो एक ढग, आणि त्या ढगात कुठला अणू कुठे ते आपण बसवत जायचं. वहिनीच्या ढगात हमालाचा खिसा स्पष्ट दिसत होता, आणि खिशात माल होता! दोन शेपट्या अगदी नीट आत गेलेल्या, वर एक डोकं, सेरीनचं. सरांनी त्या चित्राचं भलंमोठं पोस्टर करून व्हरांड्यात लावलं. सेरीन लाल रंगात. वहिनीचा पेपर एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला, आणि त्या जोरावर तिला कायमच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं.

माझं काम सोपं, म्हणजे सांगायला सोपं. मी हमालाला चकाकणारी फॉस्फोलिपिडं द्यायची. माल तेलकट खिशात शिरला की चकाकी वाढते आणि संगणकावरची रेषा वर चढते. माझी रेषा चढत नव्हती. सेरीन द्या, इनोसिटॉल द्या, काहीही द्या, रेषा आपली आडवी. मी बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, मशीन बदललं, मशीनला शिव्या दिल्या. सर एक दिवस माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या हातातच काहीतरी आहे, मॅडम. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तुमच्या कराराचं बघावं लागेल.”

म्हणजे शुक्रवारी मला नारळ मिळणार होता. हात चांगला नाही म्हणून! मला शिवी दिली असती तर मी परत दिली असती. हाताला नावं ठेवल्यावर माणूस काय करणार? मी घरी येताना बसमध्ये आपल्याच हातांकडे बघत बसले होते, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

त्या संध्याकाळी टेबलावर सूप होतं.

“सूप थंड होतंय,” आई म्हणाली.

“माझी रेषा त्याच्याहून थंड आहे.”

“भांडी,” आई म्हणाली.

भांडी गळ्यात पडलीच होती, तेव्हा मी मागेपुढे बघितलं नाही. सरांचं, मशीनचं, व्हरांड्यातल्या पोस्टरचं, सगळ्यांचं उट्टं काढलं. वहिनी शांतपणे ब्रेडला लोणी लावत होती.

“तू घाई करतेस गं,” ती म्हणाली. “जरा थांबत जा. हमाल चांगलाच आहे. माझ्या ढगात माल दिसतोय ना, मस्त बसलाय खिशात. मग तुझ्याकडेच का नाही जात?”

“भांडी,” आई म्हणाली. “दोघी.”

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “बसलाय ना तुझ्या खिशात? मग तो आला कुठून?”

“कुठून म्हणजे?”

“म्हणजे स्फटिक करताना सेरीनवाला तू घातलास का?”

“मी कशाला घालू? होताच तो आत. बॅक्टेरियातूनच आला असणार.”

“बॅक्टेरियात कुठे असतो सेरीन...”

मी थांबले. वहिनीची सुरी लोण्यात थांबली.

आमचा हमाल आम्ही बॅक्टेरियात वाढवतो. सगळेच वाढवतात, स्वस्त पडतं. आणि या बॅक्टेरियात सेरीन डोक्याचं फॉस्फोलिपिड औषधालाही सापडत नाही. तयार झाल्या झाल्या बॅक्टेरिया त्याचं इथॅनॉलअमीनवालं करून टाकतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना पाठ असतं. मला पाठ होतं, वहिनीला पाठ होतं, सर तर ते शिकवतात. आणि आमच्यापैकी एकाही शहाण्याने व्हरांड्यातून रोज जाता-येता त्या लाल डोक्याला विचारलं नव्हतं की बाबा रे, तू आत आलास कसा?

म्हणजे खिशात बॅक्टेरियाचीच चरबी होती. हमाल जन्मल्यापासून ती घेऊन बसला होता. भरल्या खिशात माझा माल जाणार कुठे? रेषा आडवी येणारच.

“म्हणजे हिच्या हाताचा दोष नाही,” दादा ताटाकडे बघत म्हणाला. बायकोसमोर ते बोलणं त्याला किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

“तिघं,” आई म्हणाली. पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

दादाला तेवढ्यात कुणाच्या तरी फ्रिजची आठवण झाली आणि तो सटकला. सिंकपाशी आम्ही दोघीच. खोटं कशाला सांगू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. मी प्लेट पुसत होते आणि मनातल्या मनात शुक्रवारचं भाषण करत होते. वहिनी सुपाचं पातेलं घासत होती. ते कधीच स्वच्छ झालं होतं, तरी घासत होती.

“शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नकोस,” ती म्हणाली.

“का? तुझी सोमवारची मुलाखत होऊन जाऊ दे म्हणून?”

तिने पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि आत गेली. म्हटलं, घ्या! आता कळलं बाई का चिडत नाहीत त्या. मी गप्प बसायचं, मला नारळ, यांना कायमची खुर्ची.

पुढचे दोन दिवस वहिनी प्रयोगशाळेत दिसलीच नाही. घरी यायची, जेवायची, मला टाळायची. मी सगळी तयारी केली. बॅक्टेरियात काय असतं आणि काय नसतं याचं एक चित्र केलं, त्यावर व्हरांड्यातलं लाल डोकं चिकटवलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: हे कोण? मला ते फार आवडलं. मी ते आरशासमोर दाखवूनही पाहिलं.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीत नेहमीप्रमाणे प्रोजेक्टर सगळं हिरवट दाखवत होता. सरांनी माझ्या आडव्या रेषा एकामागून एक लावल्या. हिरवट भिंतीवर त्या आणखीनच मेलेल्या दिसत होत्या.

“यावर काय बोलायचं?” सर म्हणाले. “त्याच प्रोटीनने शेजारच्या टेबलावर सेरीन उचललेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय.”

मी उठायला खुर्ची मागे सरकवली. खुर्चीचं चाक वायरमध्ये अडकलं. मी ते सोडवेपर्यंत वहिनी उभी राहिली होती.

“सर, ते डोकं मी चिकटवलंय.”

“कोणतं डोकं?”

“व्हरांड्यातलं.”

सर ‘इंटरेस्टिंग’ म्हणायच्या बेतात होते, त्यांचं तोंड अर्धं उघडंच राहिलं.

“शेपट्या खऱ्या आहेत,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. “डोक्याच्या जागी ढग नुसता विस्कटलेला आहे. तिथे काहीच नीट दिसत नाही. तुम्ही सेरीन म्हणालात, मी सेरीन बसवून पाहिलं. बसलं. मला वाटलं, बरोबरच असणार. कुठलंही डोकं बसलं असतं, सर. मी खिशातला माल काढून वजन करून आणलाय. बॅक्टेरियाचा इथॅनॉलअमीनवाला आहे. हिचे हात चांगले आहेत. हिला आम्ही भरलेला हमाल दिला होता.”

रेणूचं वजन करून तो कोणता ते सांगणाऱ्या मशीनवर जो माणूस बसतो त्याला सगळे तराजू म्हणतात. तो कुणाचाही नमुना रांगेशिवाय घेत नाही आणि रांग कधी हलत नाही. त्याच्या दारात वहिनी दोन दिवस स्टूल टाकून बसली होती, हे मला नंतर तराजूनेच सांगितलं. कंटाळून घेतला म्हणाला.

“पण पेपर?” सर म्हणाले.

“काल मागे घेतला.”

“आणि सोमवार?”

“मुलाखतवाल्यांनाही कळवलं. जागा त्या पेपरवर होती. म्हणाले, मग यायची गरज नाही.”

मी माझ्या मांडीवरचं ते चित्र हळूच पालथं घातलं. तीन दिवस धार लावलेलं भाषण घशातच राहिलं, आणि मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून संताप यायला लागला. या बाईने मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती. मी तिच्याबद्दल काय काय विचार केले होते! तिला ते सगळे ठाऊक होते, आणि तरी ती स्टुलावर बसली होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “इंटरेस्टिंग.” पण या वेळी त्यांना ते खरंच ऐकू गेलेलं दिसलं. कराराचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला. आधी खिसा रिकामा करून दाखवा, मग बघू. रेषा पुन्हा आडवी आली तर मात्र मी जाणार हे त्यांनी सांगून ठेवलं.

पोस्टर दुसऱ्या दिवशी भिंतीवरून गेलं. चिकटपट्टीचे तुकडे राहिले, ते आजही आहेत.

खिसा रिकामा करणं वाटतं तितकं सोपं नाही. भांड्याला साबण लावतात तसा हमालाला लावला, तर साबणच खिशात जाऊन ठाण मांडतो. त्यात माझंही एक शहाणपण उघडं पडलं. मी इतके दिवस हमालाला पाण्यात सुटा माल देत होते. पण त्याचं झाकण उघडतं ते पडद्याला टेकल्यावर! मी दाराशी न जाताच आत कुणी घेत नाही म्हणून बोंब मारत होते. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती नुसतं “हं” म्हणाली. दुसरी कुणी असती तर महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं.

मग आम्ही बुडबुडे केले. फॉस्फोलिपिडांच्या पडद्याचे बारीक बुडबुडे, त्यात सगळ्या डोक्यांचा माल मिसळलेला, इथॅनॉलअमीन भरपूर, सेरीन बऱ्यापैकी, इनोसिटॉल अगदी थोडं. म्हणजे बाजारच मांडला. हमालाला त्यात सोडायचं. तो पडद्याला टेकेल, झाकण उघडेल, बॅक्टेरियाची चरबी टाकेल आणि आपल्या मनाचं काहीतरी उचलेल. मग बुडबुडे बाजूला काढायचे, हमाल पकडायचा आणि खिशात काय आहे ते तराजूकडून वजन करून घ्यायचं. त्यात कुणी काही चिकटवू शकत नाही.

नमुना तराजूकडे गेला आणि रांगेत पडला. त्या दिवसांत वहिनी घरी आणखीनच कमी बोलायला लागली. कायमची जागा गेल्यावर तिचा इथला करारही वर्षअखेर संपत होता. तिने एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत अर्ज टाकला. तिथेही चरबीच मोजायची, फक्त दुधातली. दादा तिला म्हणाला, “बरं आहे, तिथले फ्रिज तरी मोठे असतील.” ती हसली नाही. दादा मग बराच वेळ बाल्कनीत उभा होता.

निकाल आला त्या दिवशी वहिनी डेअरीत मुलाखतीला गेली होती. तराजूने मला कागद दिला आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलला, “तुमचा हमाल चोखंदळ आहे.” खिशात जवळजवळ सगळं इनोसिटॉल. बाजारात सगळ्यात कमी होता तोच माल हमालाने वेचून आणला होता. मी चकाकणारं इनोसिटॉलवालं बुडबुड्यांत घालून लगेच रेषा काढली. ती चढली! सेरीनची आडवीच राहिली. सर आले, बघितलं आणि म्हणाले, “मला कधीपासून वाटतच होतं.” मी हसून घेतलं. करार झाला. एवढं ऐकायला मी किती दिवस झुरत होते, आणि ऐकल्यावर पहिला विचार आला तो हा, की आता घरी जाऊन हे सांगायचं कसं?

टेबलावर उकडलेले बटाटे होते. वहिनी माझ्या समोर. डेअरीवाल्यांनी तिला घेतलं होतं, पुढच्या महिन्यापासून. दादाने सांगितलं, आईने चांगलं झालं म्हटलं, वहिनीने मान हलवली. मी बटाट्याची सालं काढत राहिले. साल काढलेल्या बटाट्याचीही काढत राहिले. मला वाटलं होतं की मी गप्प आहे ते कायद्यामुळे, पण कायद्याला मी कधी भीक घातली होती? माझ्या हाताची सुटका झाली ती तिच्या खुर्चीच्या बदल्यात, आणि त्या आनंदाचं काय करायचं तेच मला कळत नव्हतं.

वहिनीने काटा खाली ठेवला.

“बोल,” ती म्हणाली. “भांडी मी घासते.”

आईने कायदा सांगायला तोंड उघडलं, मिटलं आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

“इनोसिटॉल,” मी म्हणाले.

“चढली?”

“चढली.”

“आणि या वेळी डोकं कुणी चिकटवलं?”

“कुणी नाही. तराजूवरच आलंय.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने लपवलंही नाही. दादाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आई म्हणाली, मला कुणी नीट सांगेल का, कोणी कुणाच्या खिशातून काय काढलं ते?

वहिनीने ताटं उचलली आणि नळ सोडला. मी फडकं घेऊन शेजारी जाऊन उभी राहिले, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“तू बोलत राहा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”